परसबाग-मार्गदर्शक स्वयंसेवकांचे प्रशिक्षण : स्वरूप, आशय व मर्यादा
(विशेष संदर्भ : शिरूर व दौंड तालुके, जिल्हा पुणे)

गोषवारा

घराशेजारच्या थोड्या जागेत भाजीपाला पिकविण्याची विद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकविणारा, स्वतः प्रशिक्षित असा स्वयंसेवक तयार करण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात रूढ झाली. महाराष्ट्रात तिच्याशी नाते सांगणारे प्रयत्न निराळ्या मार्गांनी झाले असून त्यांतील एक महत्त्वाचा प्रयत्न शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आकारास आला. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे मूळ तत्त्व, तिची महाराष्ट्रातील रूपे, शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात अशा प्रशिक्षणाचा आशय आणि त्यात महाविद्यालयांना घेता येणारा वाटा यांचे विवेचन केले आहे. परसबागेचे शिक्षण एका दिवसाच्या कार्यशाळेने पूर्ण होत नाही. वर्षभर पुन्हा पुन्हा दारी येणारा जाणकार माणूस घडविणे हेच प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : परसबाग, स्वयंसेवा, विस्तार शिक्षण, कृषी सखी, मूलभूत तंत्रज्ञान, समुदाय सहभाग.

१. प्रस्तावना

मराठी घराच्या रचनेत अंगणाइतकेच परसालाही स्थान होते. अंगण पाहुण्यांचे, तर परस घरच्यांचे. मोरीचे पाणी जेथे जाई तेथे अळू आणि केळ, कुंपणावर घेवडा किंवा दोडका, कोपऱ्यात शेवगा व कढीपत्ता ही मांडणी कोणत्याही अभ्यासक्रमाविना एका पिढीकडून दुसरीकडे गेली. गेल्या काही दशकांत हे हस्तांतरण खंडित झाले. उसाची शेती घराच्या भिंतीपर्यंत आली, आठवडे बाजारात सर्व ऋतूंत भाजी मिळू लागली, सिमेंटची अंगणे झाली आणि रोजगारासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांना परस उरलेच नाही.

दुसऱ्या बाजूला परसबागेची गरज मात्र वाढली आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शाळांमधील पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने (उमेद) 'माझी पोषण परसबाग' या नावाने बचत गटांमध्ये मोहीम राबविली. अंगणवाड्या, शाळा व बचत गट यांच्यामार्फत बियाण्यांची पाकिटे घरोघरी पोहोचली.

पाकीट पोहोचणे आणि बाग टिकणे यांत अंतर आहे. पावसाळ्यात उत्साहाने लावलेली बाग दिवाळीपर्यंत भाजी देते, संक्रांतीपर्यंत तग धरते आणि चैत्रात वाळून जाते. मधल्या काळात पाने का पिवळी पडली, फुले का गळाली, पाणी किती द्यावे, हे विचारण्यास कोणी नसते. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात आणि त्याचे लक्ष स्वाभाविकपणे शेतातील पिकांवर असते. ही उणीव कोणी व कशी भरून काढावी, हा या लेखाचा विषय आहे.

२. 'मास्टर गार्डनर' : कल्पना व तिचे मूळ तत्त्व

याच प्रश्नातून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एक पद्धत निर्माण झाली. सिअॅटल व टॅकोमा या वाढत्या शहरांच्या परिसरात बागकाम करणाऱ्या नागरिकांच्या शंका इतक्या वाढल्या, की विद्यापीठाच्या विस्तार विभागातील मोजक्या तज्ज्ञांना उत्तरे देणे अशक्य झाले. डेव्हिड गिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये असा प्रस्ताव मांडला, की हौशी परंतु अनुभवी बागकाम करणाऱ्यांना विद्यापीठाने शिकवावे आणि त्यांनी लोकांच्या शंकांचे निरसन करावे. १९७३ पासून वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या विस्तार सेवेमार्फत असे वर्ग सुरू झाले. पुढे ही पद्धत अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत व कॅनडाच्या काही प्रांतांत पसरली.

या योजनेचे तपशील राज्यागणिक निराळे आहेत. तत्त्वे मात्र समान आहेत. पहिले तत्त्व परतफेडीचे. प्रशिक्षणार्थीला जे ज्ञान मिळते त्याचे मोल तो ठरावीक तासांच्या सेवेने फेडतो व ती सेवा पूर्ण झाल्यावरच त्याला प्रमाणपत्र मिळते. दुसरे तत्त्व प्रमाणित ज्ञानाचे. स्वयंसेवकाने स्वतःच्या आवडीनिवडी न सांगता संशोधनाने तपासलेली माहिती द्यावी, कोणत्याही कंपनीच्या मालाची शिफारस करू नये आणि उत्तर ठाऊक नसेल तर ते विद्यापीठाकडून मिळवून द्यावे, अशी अपेक्षा असते. तिसरे तत्त्व सातत्याचे. दरवर्षी काही तास नवे शिक्षण व काही तास सेवा केल्याशिवाय मान्यता पुढे चालू राहत नाही.

या तीन तत्त्वांमुळे स्वयंसेवक हा केवळ हौशी माणूस न राहता संस्थेला उत्तरदायी असलेला शिक्षक होतो. परंतु या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीतकही आहे. स्वयंसेवकाकडे फावला वेळ, स्वतःचे वाहन व स्थिर उत्पन्न असते, असे ते गृहीतक होय. शिरूर-दौंडच्या गावांत ते जसेच्या तसे लागू पडत नाही. म्हणून येथील मातीत रुजलेल्या प्रयत्नांकडे वळणे आवश्यक ठरते.

३. महाराष्ट्रातील पूर्वसूत्रे

३.१ पाबळचा विज्ञान आश्रम : डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील काम सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र 'हाताने काम करीत शिकणे' या सूत्रावर उभे आहे. येथे विकसित झालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी असून त्यासाठी आठवड्यातील एक दिवस दिला जातो. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन असे त्याचे चार विभाग आहेत. शालेय शिक्षण पूर्ण न केलेल्या तरुणांसाठी आश्रमात ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रमही चालतो.

परसबाग-मार्गदर्शकाच्या दृष्टीने या अभ्यासक्रमातील तीन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, शिकविणारा निदेशक गावातील कसबी माणूस असू शकतो. पदवीपेक्षा त्याच्या हातातील कौशल्य महत्त्वाचे मानले जाते. दोन, विद्यार्थ्यांनी शिकलेले काम गावाला सेवा म्हणून द्यावे, अशी अपेक्षा असते. गावाला मिळालेली सेवा हीच शिक्षणाची कसोटी ठरते. तीन, विषयांचे कप्पे येथे मोडले जातात. गृह व आरोग्य विभागात रक्तातील हिमोग्लोबिन तपासण्यास शिकलेला विद्यार्थी शेती विभागात वाफा तयार करतो, तेव्हा पालेभाजीचा व रक्ताचा संबंध त्याला निराळा समजावून सांगावा लागत नाही. परतफेडीचे जे तत्त्व वॉशिंग्टनमध्ये प्रौढ नागरिकांना लागू केले गेले, ते पाबळमध्ये शालेय वयातच शिक्षणाचा भाग बनले.

३.२ प्रयोग परिवार व देशी बियाणे : गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या रूपाने शेतकऱ्यांचे परस्परांकडून शिकण्याचे जाळे विणले. महाराष्ट्रातील द्राक्षशेतीच्या प्रसारात त्याचा मोठा वाटा होता. प्रत्येकाने आपल्या वाफ्यात मोजमाप करावे, नोंद ठेवावी व निष्कर्ष शेजाऱ्याला सांगावा, ही त्या परिवाराची रीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या राहीबाईंनी देशी वाणांची बियाणे जपली व बाएफ संस्थेच्या सहकार्याने बियाणे बँक उभारली. इतर स्त्रियांना बियाणे निवडण्याची व साठविण्याची रीतही त्यांनी शिकविली. त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. बाएफची स्थापना मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये दौंडच्या सीमेलगतच्या उरुळी कांचन येथे केली होती, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

या दोन्ही उदाहरणांवरून असे दिसते, की उत्तम शिक्षक होण्यासाठी शाळेचा दाखला अनिवार्य नाही. निरीक्षण, नोंद आणि सांगण्याची हातोटी यांचे प्रशिक्षण मात्र अनिवार्य आहे.

३.३ कृषी सखी : शासकीय पातळीवर या कल्पनेचे सर्वांत व्यापक रूप म्हणजे कृषी सखी. बचत गटांतील स्त्रियांमधून निवडलेल्या समुदाय संसाधन व्यक्तींना शेतीविषयक प्रशिक्षण देण्याची ही योजना आहे. केंद्रीय कृषी व ग्रामविकास मंत्रालयांमध्ये ३० ऑगस्ट २०२३ रोजी झालेल्या सामंजस्य करारानंतर पहिल्या टप्प्यात ती १२ राज्यांत राबविण्याचे ठरले व त्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे. प्रशिक्षण ५६ दिवसांचे असून जमीन तयार करण्यापासून काढणीपर्यंतच्या पद्धती, शेतीशाळा भरविणे, बियाणे बँक, मृदा आरोग्य, एकात्मिक शेती, जैविक निविष्ठा तयार करणे आणि संवादकौशल्ये हे विषय त्यात आहेत. जून २०२४ मध्ये वाराणसी येथे ३० हजारांहून अधिक कृषी सखींना प्रमाणपत्रे देण्यात आली. विविध योजनांची कामे मिळाल्यास कृषी सखीला वर्षाकाठी सरासरी ६० ते ८० हजार रुपये मिळू शकतील, असा शासनाचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानातही कृषी सखींवर मोठी भिस्त आहे.

शेतीशाळेची पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील किडींच्या एकात्मिक व्यवस्थापनासाठी सुरू झाली. तिच्यात हंगामभर ठरावीक काळाने शेतकरी एकाच शेताच्या बांधावर जमतात, निरीक्षण करतात व निर्णय घेतात. कृषी सखीच्या अभ्यासक्रमात तिचा समावेश होणे ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि कृषी सखीचे मुख्य क्षेत्र शेत आहे. भूमिहीन कुटुंबाची मोरी, भाड्याच्या खोलीचा ओटा किंवा शाळेमागची मुरमाड जागा तिच्या कार्यकक्षेत आपोआप येत नाही. तेथे स्वयंसेवी मार्गदर्शकाची जागा रिकामी राहते.

४. शिरूर व दौंड : प्रशिक्षणाचा आशय

भीमेच्या दोन बाजूंना पसरलेल्या या दोन तालुक्यांत पाऊस सर्वसाधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही अनिश्चित. शिरूरला घोड धरणाचे व चासकमानचे कालवे आहेत. दौंडमधून खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा पुढे इंदापूरकडे जातो. कालव्याकाठी काळी जमीन व ऊस, तर पाबळ-केंदूरकडील पठारावर आणि दौंडच्या दक्षिण भागात उथळ, मुरमाड जमीन. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत आणि त्यांच्या आसपास भाड्याने राहणारी कुटुंबे आहेत. एकच पुस्तिका या सर्वांना पुरणार नाही. म्हणून स्थानिक प्रशिक्षणात पुढील बाबींना प्राधान्य द्यावे लागेल.

४.१ पाण्याचा हिशेब : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे सूत्र स्वयंसेवकाला तोंडपाठ हवे. कडक उन्हाळ्यात भाजीपाल्याला दररोज सुमारे ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरल्यास २० चौरस मीटरच्या बागेला रोज १२० लिटर लागतील. एक गुंठा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर बागेला ६०० लिटरहून अधिक लागतील. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा निकष दरडोई दररोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घरात हे २७५ लिटर होतात. त्यातील निम्मे पाणी मोरीतून बाहेर पडते असे मानले तरी सुमारे १३७ लिटर हाती येते. याचा अर्थ निकषाप्रमाणे पाणी मिळाल्यास उन्हाळ्यातही २० चौरस मीटरची बाग सांडपाण्यावर जगू शकते. गुंठाभर बाग जगू शकत नाही.

यावरून एक व्यवहार्य नियम मिळतो. माघ-फाल्गुनात बाग आवरती घ्यावी, पाचटाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि पाणी मोजक्या वाफ्यांवर एकवटावे. उन्हाळ्यात बाग लहान करणे हे अपयश नसून नियोजन आहे, हे स्वयंसेवकाने सांगितले नाही तर गृहिणी पूर्ण बाग वाचविण्याच्या खटाटोपात ती सगळीच गमावते. सांडपाणीही सरसकट वापरता येत नाही. साबणाच्या चुऱ्याचे पाणी काळ्या जमिनीत क्षार वाढविते. ते पाणी वाफ्यापासून दूर ठेवावे. अंघोळीचे पाणी केळ, पपई, शेवगा यांच्या आळ्यात सोडावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्यांना सांडपाणी देऊ नये.

४.२ पिवळ्या पानाचे निदान : "ताई, पानं पिवळी पडायला लागलीत, काय मारू?" हा परसबागेतील सर्वांत नेहमीचा प्रश्न. त्याला किमान तीन निरनिराळी उत्तरे आहेत. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी होत असतील तर नत्राची कमतरता संभवते. तेथे कुजलेले शेणखत उपयोगी पडते. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी व शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता समजावी. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि जास्त पाण्याने ही स्थिती बिघडते. अशा वेळी खत वाढविण्यापेक्षा पाणी कमी करणे व निचरा सुधारणे हा पहिला उपाय होय. भेंडीच्या शिराच पिवळ्या होऊन पानावर जाळे दिसू लागले तर तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग असतो. त्यावर औषध नाही, झाड उपटून नष्ट करावे लागते.

ऊसपट्ट्यात चौथी शक्यता असते. उसातील तणांसाठी फवारलेल्या टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश वाऱ्याने आल्यास टोमॅटो, भेंडी व वेलवर्गीय भाज्यांची पाने आक्रसून वेडीवाकडी होतात. हा रोग समजून कीटकनाशक फवारणे म्हणजे पैशाचा अपव्यय आणि घरच्या अन्नात विष. "काय मारू?" या प्रश्नाला "आधी पाहू" असे उत्तर देण्याची सवय हाच प्रशिक्षणाचा गाभा मानला पाहिजे.

४.३ प्रमाण लहान करण्याची विद्या : जीवामृताची प्रचलित कृती एका एकरासाठी २०० लिटर पाण्याची आहे : १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, एक ते दोन किलो गूळ, तितकेच बेसन व मूठभर माती. २० चौरस मीटरच्या बागेला या हिशेबाने केवळ एक लिटर जीवामृत लागते. म्हणजे अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र आणि ५० ते १०० ग्रॅम गूळ व बेसन घेऊन केलेली दहा लिटरची एक बादली दहा घरांना पुरते. पुस्तकातील एकराचे प्रमाण बादलीवर आणता येणे हे स्वयंसेवकाचे खास कौशल्य. शिवाय एका बादलीसाठी दहा घरे एकत्र आली, की तीच आळीची बैठक होते.

४.४ लागवडीची दिनदर्शिका : पावसाळ्याच्या आरंभी दोडका, कारले, भोपळा, घेवडा, भेंडी, गवार, थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, कांद्याची पात, वांगी, टोमॅटो, उन्हाळ्यात गवार, चवळी, तांदुळजा, काकडी, आणि बारमाही शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, अळू अशी स्थूल विभागणी करता येते. पालेभाज्यांचे बियाणे एकदम न पेरता दर पंधरवड्याला थोडे पेरावे, अन्यथा एकाच आठवड्यात मेथीचा सुकाळ व पुढे महिनाभर दुष्काळ असे होते.

४.५ आहारविषयक मर्यादेचे भान : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. पाच जणांच्या कुटुंबाला रोज दोन किलो भाजी लागेल. २० चौरस मीटरच्या बागेतून ती सर्व मिळणे शक्य नाही. तसेच पालेभाजीतील लोहाचे शोषण मर्यादित असते; लिंबू पिळल्याने ते वाढते व जेवणाबरोबर चहा घेतल्याने घटते. म्हणून परसबाग ही गोळ्यांची जागा घेते असे स्वयंसेवकाने कधीही सांगू नये. रक्तक्षयाची शंका असल्यास आरोग्य उपकेंद्राकडे जाण्याचा सल्ला देणे हा त्याच्या कर्तव्याचा भाग आहे.

५. शिकविण्याचे शिक्षण

बागकाम उत्तम येणारा प्रत्येक जण ते शिकवू शकतोच असे नाही. त्यामुळे प्रशिक्षणाचा निम्मा वेळ अध्यापनासाठी राखून ठेवणे उचित ठरेल. ज्या घरी जायचे तेथील ज्येष्ठ स्त्रीला आधी बोलते करणे ही पहिली पायरी. "मावशी, तुमच्या माहेरी परसात काय काय असायचं?" या एका प्रश्नातून जुन्या वाणांची, वाफ्यांच्या रचनेची व बियाणे राखेत ठेवण्याच्या रीतीची माहिती मिळते. त्याबरोबर शिकणारी व्यक्ती सांगणारी होते. विशीतील विद्यार्थ्याने साठीच्या स्त्रीला व्याख्यान देण्यापेक्षा तिच्या ज्ञानाला मोजमापाची जोड देणे अधिक फलदायी व अधिक सभ्यही आहे.

दुसरी पायरी प्रात्यक्षिकाची. वाफा स्वयंसेवकाने करून दाखवावा, पुढचा घरच्यांनी करावा व त्याने केवळ पाहावे. तिसरी पायरी नोंदवहीची. पेरणीची तारीख, पाणी, कीड, काढलेल्या भाजीचे वजन यांची नोंद ठेवली, तर वर्षअखेरीस गावाची स्वतःची माहिती तयार होते. चौथी व सर्वांत दुर्लक्षित पायरी पुनर्भेटीची. आषाढातील भेटीपेक्षा चैत्रातील भेट मोलाची; कारण बाग सोडून देण्याचा निर्णय त्याच काळात होतो. प्रशिक्षणाचे मूल्यमापन किती पाकिटे वाटली यावर न करता वैशाखात किती बागा हिरव्या राहिल्या यावर करावे.

६. स्वयंसेवा की विनामोबदला श्रम?

या विषयाची एक बाजू अडचणीची असली तरी टाळता येणार नाही. परसबागेचे काम व्यवहारात बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येते. पाणी भरणे, स्वयंपाक, शेतमजुरी यांत बागेची भर पडते. तिला शिकविणारी स्वयंसेविकाही बहुधा तशाच घरातील असते. 'स्वयंसेवा' हा शब्द येथे दुहेरी विनामोबदला श्रमावर पांघरूण घालू शकतो. ज्याला वेतन, निवृत्तिवेतन किंवा शिक्षणाची संधी उपलब्ध आहे त्याच्याकडून सेवेची अपेक्षा रास्त आहे. जिचा दिवस मजुरीवर मोजला जातो तिच्याकडून ती रास्त नाही. कृषी सखीला मानधन देण्याचे धोरण या दृष्टीने योग्य असून ते वेळेवर मिळणे हे तिच्या प्रतिष्ठेइतकेच तिच्या कामाच्या टिकाऊपणासाठीही आवश्यक आहे. घरातील पुरुषांना व मुलग्यांना वाफ्यापर्यंत आणणे हाही प्रशिक्षणाचा घोषित हेतू असावा. पाबळच्या अभ्यासक्रमात गृह व आरोग्य हा विभाग मुलगे व मुली दोघांनाही शिकावा लागतो, ही बाब याबाबत मार्गदर्शक आहे.

७. महाविद्यालयांचे स्थान

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. पुणे जिल्ह्यात बारामती व नारायणगाव अशी दोन केंद्रे आहेत. प्रमाणित ज्ञानाचा स्रोत म्हणून ती उपलब्ध आहेत. परतफेडीची चौकटही महाविद्यालयांत आधीपासून आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करणे व सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी होणे अपेक्षित असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात आकारास आलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत.

या तासांपैकी पहिल्या वर्षाचे १२० तास पुढीलप्रमाणे योजता येतील : ४० तास विषयशिक्षण, २० तास अध्यापनाचा सराव आणि ६० तास प्रत्यक्ष सेवा. सेवेसाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडे पाच घरे सोपवावीत व प्रत्येक घरी वर्षभरात बारा भेटी द्याव्यात. एका भेटीला एक तास धरल्यास नेमके ६० तास होतात. वनस्पतिशास्त्र विभागाने निदान, रसायनशास्त्र विभागाने माती व पाण्याची तपासणी, अर्थशास्त्र विभागाने नोंदींचे विश्लेषण आणि मराठी विभागाने जुन्या वाणांच्या व परसाच्या शब्दसंपदेचे संकलन असा वाटा उचलल्यास हे काम खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय होईल. यात मुख्य अडचण शैक्षणिक वर्षाची आहे. बाग संकटात सापडते तेव्हा परीक्षा चालू असतात व नंतर सुटी लागते. त्यामुळे चैत्र-वैशाखातील भेटींसाठी त्याच गावात राहणारे विद्यार्थी निवडणे, किंवा तेथील कृषी सखीशी, अंगणवाडी सेविकेशी अथवा निवृत्त शिक्षकाशी विद्यार्थ्याची जोडी लावणे आवश्यक आहे.

८. निष्कर्ष

वॉशिंग्टनच्या पद्धतीने परतफेड, प्रमाणित ज्ञान व सातत्य ही तीन तत्त्वे दिली. पाबळने सेवा हीच शिक्षणाची कसोटी असल्याचे दाखविले. प्रयोग परिवाराने नोंदीचे व राहीबाईंसारख्या स्त्रियांनी बियाण्याचे महत्त्व पटविले. कृषी सखी योजनेने दीर्घ प्रशिक्षण व मानधन यांची गरज मान्य केली. शिरूर व दौंड तालुक्यांत हे सर्व धागे हाताशी आहेत. ते एकत्र गुंफणारी संस्था हवी आणि महाविद्यालय ती भूमिका घेऊ शकते. मात्र त्यासाठी कार्यशाळेच्या छायाचित्रावर समाधान न मानता उन्हाळ्यातील वाफ्याची जबाबदारी घ्यावी लागेल. चैत्रातील दुपारी दार वाजवून "बाग कशी आहे?" असे विचारणारा माणूस ज्या आळीला मिळेल, त्या आळीतील परस पुन्हा हिरवे होण्याची शक्यता आहे.